हाताचा गुण

अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावात घर घेतल्यापासून रेणूला एकच धास्ती होती, शेजारच्या स्कॉटच्या ग्रीनहाऊसमधल्या गांजाची. मिशिगनमध्ये तो कायदेशीर, पण केंद्राच्या कायद्याने गुन्हाच; म्हणून वकिलाने बजावलं होतं, "ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत तुमच्या आवारात त्याचं पानसुद्धा सापडता कामा नये." तेव्हापासून ती त्या बाजूच्या खिडक्याही उघडत नसे. मेमध्ये नागपूरहून आलेले सासरे, त्र्यंबकराव, बागेत रमले होते, तेवढाच दिलासा. त्यांच्या हाताला गुणच असा, की वाळकी काडी रोवली तरी पालवी फुटावी.

सप्टेंबरातल्या एका सकाळी स्कॉट पोलिसालाच घेऊन दारात उभा राहिला. त्याला बिनबियांचा माल हवा होता आणि यंदा प्रत्येक फुलात बी धरलं होतं. "नर झाडं मी जूनमध्येच उपटून कचऱ्यात टाकली," तो ओरडत होता. "एक जरी नर जवळपास असला, तरी पराग उडून सगळं पीक वाया जातं. इथेच कुणीतरी लावलाय!"

 रेणू दार सताड उघडत म्हणाली, "ऑफिसर, आमच्याकडे टोमॅटो आणि मेथीशिवाय काही नाही. खुशाल बघा."



तेवढ्यात गॅरेजमागून हातात झारी घेऊन त्र्यंबकराव आले आणि स्कॉटचा हात धरून त्याला कौतुकाने मागे ओढू लागले, "कम, कम! युवर प्लँट्स! यू थ्रो, आय सेव्ह. ऑल अलाइव्ह!"