चांगल्या आवाजाचा कॅमेरा

काउंटरवर दोन व्हिडिओ कॅमेरे शेजारी शेजारी ठेवले होते आणि ओरोझबेक दोन्हींना नावं ठेवत होता. एक फारच हलका, खेळण्यातला वाटावा असा. दुसरा दणकट, पण त्याची किंमत ऐकून तो आणखी जड वाटायला लागला. ओश शहराच्या बाजारात माल आवडला तरी तोंड वाकडंच ठेवायचं असतं. वडिलांनी शिकवलेलं तेवढं तो विसरला नव्हता.

"कशासाठी हवाय, आका?" दुकानदार इल्हामनं विचारलं. गिऱ्हाईक दहा-बारा वर्षांनी मोठं होतं. त्याला 'आका' म्हणजे मोठा भाऊ म्हटलं तर आपलं काय जातं?

"हिच्या कुस्त्यांसाठी. शाळेच्या."

'ही' म्हणजे तेरा वर्षांची जीबेक. ती बापाच्या बाजूला उभी राहून फरशीकडे बघत होती. पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या शालेय कुस्त्या होत्या. यंदा प्रत्येक कुस्ती कॅमेऱ्यात घ्यायची आणि घरी लेकीला समोर बसवून तिच्या चुका दाखवायच्या, असा बापाचा बेत होता. मोबाइलवर घ्यावं तर शाळेच्या सभागृहाच्या टोकाला नुसत्या दोन मुंग्या झुंजताना दिसत. त्यातही ओरोझबेक चुका काढायचाच, पण त्याचं पोट भरत नव्हतं.

इल्हामनं दणकट कॅमेऱ्याची वायर भिंतीवरच्या टीव्हीला जोडली. माझा मेहुणा लग्नाची शूटिंगं करतो, हाच कॅमेरा वापरतो, तो सांगू लागला. वसंतात एका शाळेत मुलींच्या कुस्त्या झाल्या, तेव्हा जिंकणाऱ्या मुलीच्या आजीनं त्याला मुद्दाम बोलावून नेलं होतं. तेच शूटिंग नमुना म्हणून इथे ठेवलंय. एवढी झटापट चालली असताना चित्र कुठे फाटतं का, तुम्हीच बघा.

चित्र फाटत नव्हतं. दोन मुली एकमेकींच्या कमरेचे पट्टे धरून गादीवर फिरत होत्या. त्यातली निळ्या पट्ट्याची उचलली गेली आणि पाठीवर आपटली. ओरोझबेकनं तिला तत्काळ ओळखलं. ती जीबेक होती. जिंकलेली नूरझादा, तिच्याच वर्गातली.

"बघ, डावा पाय मागे राहिला," तो हळूच म्हणाला. जीबेकनं मान वर केली नाही.

टीव्हीवर नूरझादाच्या आजीनं मुठी भरभरून खाऊच्या गोळ्या उधळल्या. आनंद झाला की घरच्यांनी गोळ्या उधळायच्या आणि जमलेल्यांनी त्या वेचायच्या, ही आमच्याकडची रीत. हरलेल्यानंही एखादी वेचावी, पुढची पाळी त्याची येते म्हणतात. पोरं तुटून पडली. त्यांच्यात जीबेकही वाकली, एक गोळी उचलली आणि नूरझादाकडे बघून हसली. तेवढ्यात पांढरा उंच टोप घातलेला एक माणूस तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याची नुसती पाठ दिसत होती.

"आता लांबचं कसं जवळ येतं बघा," इल्हाम रंगात आला होता. "आणि आवाज ऐका. एवढ्या गोंगाटात शब्द न् शब्द येतो."

आला.

"टाक खाली. लाज नाही वाटत? आपटी खाल्लीस आणि वर त्यांच्याच गोळ्या वेचतेस? भिकारडी."

माणसानं मुलीचं मनगट धरलं आणि एकेक बोट सोडवून मूठ उघडली. गोळी पडली. मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू जात नव्हतं, कारण सगळी शाळा बघत होती आणि ते कसं आवरावं हे तिला कळत नव्हतं.

"काय एकेक बाप असतात," इल्हाम म्हणाला. "मेहुणा हे कापणार होता. मी म्हटलं, राहू दे, आवाजाचा असला नमुना पुन्हा मिळायचा नाही."

टीव्हीतला माणूस वळला. इल्हामनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग काउंटरपलीकडे. टीव्ही बंद करताना त्याच्या हातून कॅमेऱ्याची वायर निसटली. मग तो चहाच्या किटलीकडे गेला, किटली रिकामी आहे हे पाहून परत आला आणि पुसलेलाच काउंटर पुसायला लागला.

ओरोझबेकचे कान तापले होते. त्या दिवसाचं त्याला इतके महिने आठवत होतं ते एवढंच, की डावा पाय मागे राहिला. ही मूठ त्याला आठवलीच नव्हती. धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं असं म्हणतात ना, तसं त्याला भर बाजारात, परक्या माणसासमोर वाटत होतं. निदान जीबेकनं टीव्हीकडे पाहिलं नसेल, या एवढ्याशा आशेवर तो उभा होता.

"ते पुसून टाका," तो म्हणाला.

"माझ्याकडचं आत्ता पुसतो, आका." इल्हामचा आवाज अगदी खाली आला होता. "पण मूळ त्या आजींकडे आहे."

तेवढ्यात जीबेक बोलली.

"बाबा, मी पाहिलंय ते."

"कुठे?"

"नूरझादाकडे. पाहुणे आले की लावतात." तिची नजर फरशीवरच होती. "मी असले की तिची आजी तेवढ्यापुरता आवाज बंद करते."