होडी

शेजारच्या शिवलीलाक्कानं फोन केला, म्हणून पोलीसबाई घरी आली. माझ्या नातीचा, सिद्धीचा, डोळा सुजून जांभळा झालेला. सिद्धी म्हणाली, बाथरूमचं दार लागलं. नातजावई निहारराव तिच्या बाजूलाच उभे. चहा घेणार का, म्हणून बाईला विचारत होते.

बाई माझ्याकडे वळली. "अज्जी, गंडा होडीताना?"

नवरा मारतो का, असं विचारलंन तिनं. निहाररावांचा चेहरा उतरला.

"हो हो! रोज!" मी म्हटलं.

"मग घाबरू नको," बाई सिद्धीला हिंदीत म्हणाली. "तू फक्त एकदा तोंडानं सांग. कोर्टाकडून संरक्षण मागता येतं. मी येते बरोबर."

सिद्धीनं निहाररावांकडे बघितलं, आणि चक्क हसली.

"मॅडम, आजीला कन्नड कुठलं यायला! मराठीत होडी म्हणजे बोट. तिला वाटलं, तुम्ही बोटीचं विचारताय. हा मला रोज बेळ्ळंदूरच्या तळ्यात बोटीनं फिरवतो, अशा थापा मारत असते ती बिल्डिंगभर."

"त्या फेसाळ तळ्यात?" बाईला हसू आवरेना. "सरी अज्जी, सरी," म्हणत माझा गाल ओढून ती गेली. निहाररावांनी दाराला आतून कडी घातली.

आता थापा मी मारते, नाही कुठं म्हणतेय. पण माझं माहेर चिकोडीचं. लहानपणी सिद्धीला झोपवायला मी म्हणायचे ती सगळी गाणी कानडीच. तिला अजून पाठ आहेत.