वाटेवरचा ठिपका

"उत्तर आलं का?" साहेबांनी सकाळपासून परत परत तेच विचारलं.

"नाही," दुर्बीणवाला म्हणाला आणि त्यानं भलीमोठी जांभई दिली. आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

वेधशाळेला महिनाअखेर टाळं लागणार होतं. दुर्बीण म्हातारी, घुमट गळका, आणि वरच्यांना हवा होता एखादा शोध. क्वार्टर सोडायचं म्हणून दुर्बीणवाल्याच्या बायकोनं भांडी खोक्यांत भरायला घेतली होती. नेमका तेव्हाच तो दिसला. तीन पहाटांच्या फोटोंत एक बारीक ठिपका, दरवेळी जरासा सरकलेला. साहेबांनी गणित मांडलं आणि ते खुर्चीतच उडाले. लघुग्रह! तोही पृथ्वीच्याच कक्षेत!

आता फक्त दुसऱ्या वेधशाळेनं 'हो, आम्हालाही दिसला' एवढं म्हणायचं होतं. कुठं बघायचं ते साहेबांनी कळवलं होतं. तिथली दुर्बीण चालवायचा जाड्या. तो आणि दुर्बीणवाला एकत्रच काम शिकलेले. बायकांचं तर फोनवर रोजचं गुळपीठ.

डबा घेऊन बायको आली. "हा तुमचा दगड करतो तरी काय?"

"वहिनी, आपल्याच वाटेनं सूर्याभोवती फिरतो," साहेब खुशीत म्हणाले. "कधी जरा पुढं, कधी मागं. अंगावर येत नाही, सोडूनही जात नाही."

"आणि उपयोग काडीचा नाही. हे ध्यान आहे की आमच्या घरात!"

साहेब खो खो हसले. दुर्बीणवाला हसला नाही. "साहेब, त्यांना नाहीच दिसला तर?"

"तर काय, काचेवरची धूळ होती म्हणायचं आणि खोकी बांधायची."

तेवढ्यात फोन वाजला. साहेबांनी ऐकलं, चष्मा काढून डोळे पुसले.

"दिसला! जाड्याला दिसला! अगदी त्याच जागी! आता कोण टाळं लावतो तेच बघतो!" आणि वरच्यांना कळवायला ते जिन्याकडे धावले.

दुर्बीणवाल्यानं ते तिन्ही फोटो पुन्हा उघडून पाहिले. चेहरा पांढराफटक.

"अहो, घर वाचलं. हसा की जरा!"

"अगं, दिसेल कसा?" तो कुजबुजला. "तो ठिपका मीच घातला होता फोटोंत. माऊसनं. आकाशात तिथं काही म्हणजे काही नाहीये."

बायकोनं शांतपणे डबा उघडला.

"जाड्याच्या बायकोनं पण," ती म्हणाली, "परवापासून भांडी खोक्यांत भरायला घेतली होती."