नारळाचा मान

नव्या लॅपटॉपसाठी उज्ज्वलाताई तीन वर्षं ओतकामाच्या कारखान्याच्या मालकांच्या मागे लागल्या होत्या. जुन्यावर साच्याचं एक मोठं ड्रॉइंग उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. शेवटी चांगला दणकट लॅपटॉप आला, तेव्हा मालक म्हणाले, "ताई, तुमच्याच हातानं सगळं लावून घ्या. एकही फाईल मागे राहायला नको."

दोन दिवस त्यांनी डबाही खुर्चीतच खाल्ला. अठरा वर्षांचे साचे, कुठला धातू थंड झाल्यावर किती आकसतो याचे स्वतः बनवलेले तक्ते, सगळं नव्यात आणून बसवलं. पासवर्डची कटकट नको म्हणून स्वतःचा अंगठा नोंदवला.

शुक्रवारी लॅपटॉपची पूजा झाली. कारखान्याची रीतच होती, नवं मशीन जो चालवणार त्यानंच नारळ फोडायचा. ताईंनी हात पुढे केला. मालकांनी नारळ त्यांच्या हातावरून पलीकडे नेला आणि महिन्यापूर्वीच नोकरी सोडून आलेल्या जावयाला दिला.

"डिझाइन आता जावईबापू बघतील," ते म्हणाले. "तुम्ही स्टोअर सांभाळा. आता तुम्हाला दगदग नको."

जावयाच्या हातून नारळ चौथ्या फटक्याला फुटला. मग त्यानं लॅपटॉप उघडला, दोनदा बोट टेकवून पाहिलं आणि ताईंकडे वळला.

ताईंनी अंगठ्याचं कुंकू पदराला पुसलं आणि अंगठा टेकवला. लॅपटॉप लगेच उघडला.

"झकास," जावई म्हणाला. "आता तेवढा तुमचा अंगठा काढून द्या."