पेलाभर पाणी

सासऱ्यांचा उभा जन्म गावाला पुरापासून वाचवणाऱ्या मातीच्या धरणाची राखण करण्यात गेला. आता ते अंथरुणाला खिळले होते. मातीच्या धरणाच्या पायथ्याशी थोडं पाणी नेहमीच पाझरतं. त्यातलं पेलाभर त्यांना रोज सकाळी लागायचंच.

"घरच्या नळाला काय काटे आलेत?" मुलगा चेष्टा करायचा. सून मात्र नेम धरल्यासारखी न चुकता ते पाणी आणायची. सासरे काचेचा पेला खिडकीच्या उजेडात धरून निरखायचे, "छान" म्हणायचे, एखादा घोट घ्यायचे आणि उरलेलं खिडकीतल्या रोपाला घालायचे.

पावसाची झड लागली होती. त्या सकाळीही त्यांनी पेला उजेडात धरला. "एवढ्या पावसात कसं नितळ आहे बघ! देवाची कृपा."

सून सुखावली. "देवाची नाही, बाबा, माझी. परवापासून नुसतं गढूळ येतंय. म्हटलं, तुम्हाला चालायचं नाही. चौपदरी फडक्यातून गाळून आणते."

सासऱ्यांनी पेला खाली ठेवला. "ते फडकं आण."

तिने न धुतलेलं फडकं आणून दिलं. त्यातला तांबडा गाळ त्यांनी बोटांनी चोळून पाहिला.

"मला तहान कधीच नव्हती गं, पोरी," ते हळूच म्हणाले. "या पेल्यात मी रोज धरण बघायचो. ही माती त्याच्या पोटातली आहे. धाव, गावाला म्हणावं, घरं सोडा."