स्वीगरमूरचं माहेर

“मी लांबूनच नमस्कार करीन. गळाभेट व्हायची नाही,” सुवर्णाबाईंनी लेकीला बजावलं.

अमेरिकेतल्या रेडमंडच्या हॉलमध्ये सीमांतपूजनाची तयारी झाली होती. सगळ्यांसमोर वधूवरांच्या आयांनी गळाभेट घ्यायची, की सोयरीक पक्की. नेमकं तेवढंच आईला नको होतं. राधिका रडकुंडीला आली.

“आई, प्लीज यार! एरिकच्या मॉमला किती हर्ट होईल!”

“होऊ दे. यांच्यात सासूला धड शब्द नाही. मदर-इन-लॉ म्हणे, कायद्याने झालेली आई! जिथे नात्यालाही वकील लागतो, तिथे माझी लेक नांदणार?”

मदर-इन-लॉपासून पुढचं सगळं त्यांनी मुद्दाम इंग्रजीत म्हटलं. सुवर्णाबाईंनी नागपुरात जन्मभर संस्कृत शिकवलं होतं. शब्दाच्या बाबतीत त्या कुणाची भीडभाड ठेवत नसत.

एरिकची आई इंग्रिड दारातच उभी होती. आजीचा चांदीच्या बटणांचा नॉर्वेजियन पोशाख घालून, अगदी ताठ.

“इन-लॉ हे इंग्रजांचं,” ती म्हणाली. “माझी आजी नॉर्वेची. आम्ही स्वीगरमूर म्हणतो. मूर म्हणजे आई. आणि स्वीगर म्हणजे मुळात सासूच. राधिका घरी येणार म्हणून मी त्याचं मूळ शोधत बसले. तुमच्या संस्कृतात श्वश्रू आहे ना?”

सुवर्णाबाई खुर्चीवरून उठल्याच. श्वश्रू! तिचीच तर मराठीत सासू झाली. आणि मूर म्हणजे मातृ. वर्गात चढायचा तसा त्यांचा आवाज चढला.

“म्हणजे आमच्याच संस्कृतातून गेला की तुमच्याकडे!”

“नाही,” इंग्रिडही मान वर करून म्हणाली. “दोन्ही भाषा एका फार जुन्या आईच्या लेकी. एक तुमच्याकडे दिली, एक आमच्याकडे.”

सुवर्णाबाईंना आजवर असं तोंडावर कुणी खोडून काढलं नव्हतं. राग यायला हवा होता. पण त्या इंग्रिडकडे बघतच राहिल्या आणि त्यांना अभिमान वाटला. स्वतःचा नव्हे, या बाईचा.

गुरुजींनी सगळ्यांना बोलावलं. “आधी दोन्ही घरांची ओळख करून देतो,” ते म्हणाले.

तोवर सुवर्णाबाई पुढे झाल्या होत्या. त्यांनी इंग्रिडला अशी घट्ट मिठी मारली, की चांदीची बटणं पैठणीत अडकली.

“ओळख कसली करून देता, गुरुजी?” त्या म्हणाल्या. “आमचं माहेर एकच आहे. फार दिवसांनी भेटतोय.”