सावलीच्या निम्मं

“इंजिना, हलू नकोस! तू हललास की तुझं डोकं पुढे पळतं,” जुळ्यांतला एक ओरडला.

पाठमोरी बाकावर बसलेली धाकटी हसली. इंजिन म्हणजे तिचा सहा वर्षांचा मुलगा. एका जागी उभा राहिला असता तर हे नाव पडलंच नसतं. जुळे तिच्या ताईचे, सात वर्षांचे. “सुट्टी म्हणून घरात नुसता धुडगूस नको, पोरांना बाहेर नेऊन काहीतरी शिकवा,” असं ताईने नवऱ्याला सकाळीच सुनावलं होतं. भावजींचा जन्म लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलेला. ते शिकवणार म्हणजे मोजणीच शिकवणार. गावाबाहेरच्या या सपाट मैदानात त्यांनी सगळ्यांना आणून सोडलं.

त्यांनी एक मीटरची काठी जमिनीत रोवली. तिची सावली मोजली. दोन मीटर भरली.

“या घटकेला प्रत्येकाची सावली उंचीच्या दुप्पट. सावली मोजा, निम्मी करा, झाली उंची. आणि उरका पटापट, सूर्य काही माझ्या हाताखाली नोकरीला नाही.”

मग नियम सांगितले. एकाने उभं राहायचं, दोघांनी टेप धरायची. टेप धरणाऱ्याची नजर जमिनीवर. माणसाकडे बघायचं नाही, हसू येतं आणि माप चुकतं. लिहिणाऱ्याने तर मागे वळायचंच नाही. आकडा ऐकायचा, परत म्हणायचा, लिहायचा. “बघितलं की माणूस मनातला आकडा लिहितो.” आणि लिहिलेलं खोडायचं नाही. वही धाकटीच्या हातात देऊन ते फाटकाशी पाणी आणायला गेले.

धाकटीला हे काम बरं वाटलं. हात गुंतला की मन फार लांब जात नाही. कालपासून ते एकाच ठिकाणी घुटमळत होतं. ताईच्या स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी.

त्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. दर सुट्टीला पोरांना तिथे उभं करायचं, डोक्यावर पुस्तक ठेवायचं, रेघ मारायची. सगळ्यांच्या रेघा वर चढत गेल्या होत्या. एकच थांबली होती. एकशे पाच सेंटिमीटर. ती धाकटीच्या थोरल्या लेकीची, इंजिनाच्या बहिणीची. पाच वर्षांची होती. त्या सुट्टीनंतर महिन्याभरात ती तापात गेली. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

उद्या ताईकडे रंगारी यायचा होता. “तू म्हणशील तर चौकट सोडायला सांगते,” ताई फोनवर म्हणाली होती, “पण किती दिवस त्या रेघेशी बोलत बसणार आहेस गं?” धाकटी तेवढ्यासाठीच आली होती. चौकट सोड, असं समोर बसून सांगायला. लेकीचं तेवढंच माप जगात उरलं होतं.

“दोनशे छत्तीस!”

“दोनशे छत्तीस,” धाकटी म्हणाली आणि लिहिलं.

“दोनशे अडतीस!”

तेही लिहिलं. मग इंजिनाची पाळी. बराच आरडाओरडा. “दोनशे चोवीस!”

“दोनशे चोवीस.”

“आता हिची,” एक जुळा म्हणाला. टेप खुळखुळली. “बघ, किती शहाण्यासारखी राहते. शीक जरा, इंजिना.”

“दोनशे चव्वेचाळीस!”

“दोनशे चव्वेचाळीस,” म्हणत धाकटीने लिहिलं. मग पेन थांबलं.

मुलं तीन होती.

तिने नियम मोडला आणि वळून पाहिलं. तिघं उकिडवी बसून टेप गुंडाळत होती. मैदान मोकळं. झाड नाही, खांब नाही.

“चौथी कुणाची मोजलीत?”

“आमच्या शेजारी होती ती,” इंजिन म्हणाला.

“पण उभं कोण होतं?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“वर कुठे बघितलं?” जुळ्यांतला एक फणकारला. “बाबांनीच सांगितलंय ना, नजर जमिनीवर!”

भावजी पाणी घेऊन आले. त्यांनी वही वाचली, परत वाचली. पोरांनी दाखवलेल्या जागेपाशी जाऊन खाली बसले. दिवसभर तापलेली ती माती, हात ठेवला तर चटका बसत होता. त्यांनी तळवा टेकवला, पुढे सरकवला, आणखी पुढे सरकवला. मग झटकन उचलला.

“एवढाच पट्टा गार आहे,” ते स्वतःशीच म्हणाले.

परतताना त्यांनी वही पुन्हा उघडून पाहिली. पण चौथा आकडा त्यांनी खोडला नाही.

संध्याकाळी धाकटी वही आणि टेप घेऊन चौकटीपाशी बसली. आकडे निम्मे केले. एकशे अठरा, एकशे एकोणीस, एकशे बारा. पोरांना एकेक करून चौकटीला उभं केलं. तिघांचीही मापं केसाचाही फरक न पडता जुळली. भावजींची पद्धत चुकत नव्हती.

मग तिने चौथ्याचं निम्मं केलं. एकशे बावीस. टेप जमिनीपासून वर नेली, बोट तिथे टेकवलं. घरात एवढ्या उंचीचं मूल नव्हतं. तिने बोट काढलं नाही.

ताई पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली. “मग काय ठरलं तुझं? रंगाऱ्याला चौकट सोडायला सांगू ना?”

“नको. लावू दे रंग.”

“अगं, पण त्या रेघेसाठीच तर आलीस तू. तिचं माप...”

“ते जुनं झालं, ताई,” धाकटी म्हणाली. “सतरा सेंटिमीटर वाढलीय ती.”